मध्य नसलेली रांगोळी

जयवंताबाई लांजेवारच्या आईच्या रांगोळीत सूर्य आणि फणी एकाच मापाचे असायचे. काटोलला एका वकिलाच्या घरी ती पोळ्या लाटायला जायची आणि तिथल्या बायांचं पाहून चैत्रांगण शिकून आली होती. चैत्र लागला की महिनाभर दारात सूर्य, चंद्र, शंख, कासव, नाग, हत्ती, गाईची पावलं, कुंकवाचा करंडा, आरसा, फणी. सगळं जग एका हाताच्या जागेत बसायचं. कोणी कोणापेक्षा मोठं नाही. बाप संत्र्याच्या मंडीत लाकडी पेट्या ठोकायचा. तो कामाला निघताना रांगोळीवरून पाय उचलून जायचा आणि म्हणायचा, "चंद्रावर पाय पडला त आज पेटी फुटते."

हे सगळं मला जयवंताबाईनंच सांगितलं आहे. नंदनवनात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तीस वर्षं झाली. भजनी मंडळात ती टाळ धरते, मी पेटीवर असते. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की मला आधी तिची पाठ दिसते. फाटकापुढं सडा, आणि चिमटीतून सुटत असलेली पांढरी रेघ.

लग्न अठराव्या वर्षी झालं. नवरा चंपतराव, कळमेश्वरच्या कारखान्यात लागलेला, आता रिटायर. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा, म्हणजे ऐंशी साली, मोठं सूर्यग्रहण लागलं. पोटुशी बाई म्हणून तिला दुपारपासून घरात कोंडलं. सुरी हातात घ्यायची नाही, सुई नाही, बाहेर पाहायचं नाही. ती खाली बसून राहिली. वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, त्याच्या फटींतून उन्हाचे कवडसे खाली पडत. रोज ते गोल असायचे. त्या दिवशी शेणानं सारवलेल्या जमिनीवर एकेक कवडसा चंद्रकोरीसारखा होत गेला. वीस-पंचवीस कोरी, सगळ्या एका बाजूला कललेल्या.

"बाहेर पाहू नको म्हने," ती सांगते, "अन् सूर्य त आतच येऊन बसला होता. मी काय करन? रांगोळीचा डबा ओढला अन् एकाएकीच्या भोवती रेघ मारत गेली. एक पूरी होयेस्तोवर दुसरी सरकून जाये. मायनं पाह्यलं त पाठीत धपाटा घातला."

पोर सुखरूप झाली. काजल तिचं नाव. आता पुण्याला असते. त्या धपाट्यानं ती खोड मात्र गेली नाही.

सातवीपर्यंत शाळा झाली होती, त्यामुळे पृथ्वी फिरते हे तिला ठाऊक होतं. आमच्या गल्लीच्या गणपतीत एका वर्षी तिनं सूर्यमाला काढली. खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्याला खडू, आणि नऊ गोल. मधोमध केशरी सूर्य. स्टीलचा डबा मिळाला बक्षीस. पुढं पेपरात आलं की शेवटचा ग्रह आता ग्रह नाही. त्या वर्षी तिनं सूर्यमाला काढताना सवयीनं नववा गोल मारला, मग बोटानं पुसला. म्हणाली, "जेवाले बसलेल्या पाहुण्याले पंगतीतून उठवल्यावानी वाटते वं."

तिची पद्धत ठरलेली. रांगोळी लहान असो की लग्नाच्या हॉलभर, आधी मधला ठिपका. त्याच्यावर हळद, कुंकू, दोन अक्षता. मग बाकीचं. मध्य पुजल्याशिवाय हात चालत नाही म्हणते. मला हे आवडतं. मीही पेटी उघडली की आधी नमस्कार करते.

यंदा जानेवारीत तिचे गुडघे पारच गेले. धंतोलीच्या डॉक्टरांनी फोटो पाहिले, आधी उजवा, मग डावा, दोन्ही बदलायचे म्हणाले. चार मार्च तारीख दिली. तिच्यासोबत मीच होते. डॉक्टर भला माणूस, समजावून सांगत होता. आता चालता येईल, जिना चढता येईल, दुखणं राहणार नाही. फक्त जमिनीवर बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही. कायमचं.

"अन् रांगोळी?" तिनं विचारलं.

"टेबलावर काढा ना आजी."

ऑटोत ती मेडिकल चौकापर्यंत गुडघे चोळत बसली. मग म्हणाली, "टेबलावर पोह्याची प्लेट असते वं कामिनी. रांगोळी का टेबलावर असते?"

त्याच आठवड्यात मिनल मॅडम घरी आली. गल्लीच्या टोकाला शाळा आहे, तिथं ती विज्ञान शिकवते. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन. शाळेच्या हॉलमध्ये मोठी रांगोळी पाहिजे होती, वीस फूट बाय वीस.

"विषय काय?" जयवंताबाईनं विचारलं.

"विश्व," मिनल म्हणाली. "अख्खं विश्व, काकू."

चंपतराव पेपरातून म्हणाले, "घ्या. गल्ली झाडून होत नाई, अन् आता अख्खं विश्व."

जयवंताबाईनं हो म्हटलं. मिनल गेल्यावर मला म्हणाली, "हे शेवटची आहे. हे चुकली त मले जन्मभर हेच आठवन, खुर्चीवर बसल्या बसल्या." ती हे रडून बोलली नाही. तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

नमुना म्हणून तिनं तिच्या अंगणात एक काढून पाहिली. खिळा, दोरा, मध्य, हळदीकुंकू. मग त्या मध्यातून बाहेर वळत जाणारे पांढरे-निळे हात, भोवऱ्यात पाणी फिरतं तसे. दोन तास लागले. शाळा सुटल्यावर मिनल आली आणि रांगोळीभोवती दोनदा फिरली.

"काहून, चुकलं का?"

"नाही काकू, फार सुंदर आहे. पण ही एक आकाशगंगा झाली. आपण एकीत राहतो, तशा अब्जावधी आहेत. विश्व म्हणजे सगळ्या."

"मग हे मोठी करून मधात ठेवतो, बाकीच्या भवताल."

"तेच तर. मध्ये कोणी नाही. विश्वाला मध्य नाही."

जयवंताबाई हसली. पोरगी मस्करी करते असं तिला वाटलं. "बाई, रुमालालेई मध्य असते. घडी केली की निघते."

"ह्याची घडी होत नाही ना काकू. कडाच सापडत नाही. आधी आपल्याला वाटायचं पृथ्वी मधात आहे. मग कळलं, सूर्य. मग कळलं, सूर्यही नाही, तो आकाशगंगेच्या एका बाजूला पडलेला. आता कळतं आहे की मधलं असं काही नाहीच. जिथं उभं राहावं, तिथून सगळं आपल्यापासून दूर जाताना दिसतं."

"कोठूनई?"

"कुठूनही."

मिनल गेली. जयवंताबाईनं खिळ्याभोवती दोरा गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला.

त्यानंतरचे आठ दिवस तिनं मला आणि चंपतरावांना सुखानं बसू दिलं नाही. चंपतरावांच्या पोह्यात मीठ नाही, दुसऱ्या दिवशी दोनदा. ते भिंतीवरून मला म्हणाले, "कामिनीबाई, तुमची मैत्रीण मध्य शोधून राहिली. सापडला त मिठाचा डबाई विचारा."

शनिवारी आम्ही मारुतीच्या देवळात गेलो. तिथं ती नेहमी अकरा प्रदक्षिणा घालते. गुडघे दुखतात म्हणून आता पाच. तिसरीत ती थांबली. मागची बाई अंगावर आली.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"फिराले मधात कोनी पाह्यजे ना," ती हळूच म्हणाली. "मधात कोनी नसन त हे कशाले फिरते सारं?"

मी काय शास्त्र शिकलेली नाही. मला जे वाटलं ते बोलले. "देव सगळीकडं आहे म्हणतो ना आपण. मग मध्य नसला तर काय बिघडलं? उलट बरंच आहे."

"म्हणतो. पण हात गाभाऱ्याकडंच जोडतो. पाठीमागच्या भिंतीकडं जोडते का कोनी?"

आम्ही पाच प्रदक्षिणा पुऱ्या केल्या आणि तीर्थ घेऊन निघालो. तिच्या डोक्यातलं मात्र माझ्या डोक्यात शिरलं. संध्याकाळी दिवा लावताना मी देवघराकडं पाहिलं आणि उगीच मागं वळून पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर होतं.

पुढच्या मंगळवारी माझ्याकडं उडदाचे पापड होते. उन्हं तापायला लागली की मी पहिला हप्ता उरकते. जयवंताबाई लाटायला आली. खाली बसायला डॉक्टरनं आधीपासूनच मना केलं होतं. पण चार तारखेपर्यंतचं बसणं माझं आहे, असं तिचं म्हणणं. एक लाटी घेतली, दाबली, लाटणं फिरवलं. आणि थांबली.

"जिरे पाह्य," म्हणाली.

"काय झालं? खडे आहेत का?"

"नाई वं. हे पाह्य. लाटीत होते तवा चिकटून होते. आता लाटलं त हा याच्यापासून दूर, हा त्याच्यापासून दूर. कोनी चाललं नाई, पीठच वाढून राह्यलं. या जिऱ्यावर बसून पाह्यलं त वाटन मी इथंच आहो, बाकीचेच पळून राह्यले. त्या जिऱ्यावर बसलं तरी तसंच."

तिनं पिठाच्या हातानं मिनलला फोन लावायला सांगितला. मी स्पीकरवर ठेवला. मिनलनं ऐकून घेतलं. "काकू, अगदी बरोबर. फक्त पापडाला काठ असतो, ह्याला काठ नाही."

"बिनकाठाचा पापड."

"हो."

"लाटणारा कोन?"

मिनल म्हणाली, "ते आमच्या पुस्तकात नाही, काकू."

"नसू दे," जयवंताबाई म्हणाली, "तुमचं पुस्तक तुमच्यापाशी." आणि फोन ठेवायची खूण केली. त्या दिवशी तिनं सव्वाशे पापड लाटले, आणि प्रत्येक उचलून उजेडाकडं धरून पाहिला. माझा सगळा दिवस गेला.

पण पापड समजणं वेगळं, आणि हॉलभर काढणं वेगळं. खिळा ठोकला की मध्य झालाच. दोरा फिरवला की काठ झालाच. तिचा चाळीस वर्षांचा हात या दोन गोष्टींवर चाललेला. दोन दिवस ती नुसती फरशी पाहत बसली.

उपाय निघाला तो तिला आवडणारा नव्हता. तिची सासू ठिपक्यांच्या कागदानं रांगोळी काढायची. जाड कागदाला उदबत्तीनं ओळीत भोकं पाडायची, कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवायची, उचलला की खाली ठिपकेच ठिपके. मग ते जोडायचे. जयवंताबाई त्याला कायम नाक मुरडत आली. शिकाऊ बायांचं काम, हाताला विश्वास नाही त्यांचं. पण त्या कागदाला मध्य नसतो. एकदा ठेवला, उचलून शेजारी ठेवला, पुन्हा शेजारी. कुठंही सुरू करा, कुठंही चालत राहा. जमीन संपते म्हणून थांबायचं, रांगोळी संपली म्हणून नाही.

"सासू गेली तवा तिचा कागद मी बंबात टाकला होता," ती म्हणाली. मग साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन बसली, आणि उदबत्तीमागून उदबत्ती जाळत भोकं पाडली. घरभर मोगऱ्याचा वास. चंपतरावांनी विचारलं, आज कोणता सण.

सत्तावीसला सकाळी आम्ही हॉलमध्ये गेलो. मी, जयवंताबाई आणि रंगांच्या अकरा पिशव्या. तिनं पुठ्ठा ठेवायला सुरुवात केली. चार वेळा ठेवून झाल्यावर ती एकदम थांबली. इकडच्या भिंतीकडं पाहिलं, तिकडच्या. सवयीनं ती बरोबर हॉलच्या मधोमध जाऊन बसली होती. मी म्हटलं, राहू दे, कोणाला कळतं? तिनं हातानं सगळं झटकलं, ओल्या फडक्यानं पुसलं, आणि दारापासून, भलत्याच कोपऱ्यातून, पुन्हा सुरू केलं. अर्धा तास गेला.

ठिपके झाले दुपारी. मग प्रत्येक ठिपक्यावर एकेक आकाशगंगा. मिनलनं फोटो छापून आणले होते. ते पाहून जयवंताबाई म्हणाली, "अवं, हा त शंख आहे. हे कमळ. हे गाईचं पाऊल." आणि मग तिनं फोटो बाजूला ठेवून दिले. मायनं शिकवलेले शंख, कमळं, पावलं काढत गेली, निळ्यात, जांभळ्यात, राखाडीत. मिनल पाहत होती, मी तिच्याकडं पाहत होते. म्हटलं ही आता टोकते. तिनं टोकलं नाही. उलट खाली बसून एका शंखाला शेपूट वाढवून दिलं.

चार वाजता मुख्याध्यापक आले. प्रेमानंद सर. शांत माणूस, बूट बाहेर काढून आत आला. फिरून फिरून पाहिलं.

"छान आहे. फार छान. आणि मधात आपल्या शाळेचं बोधचिन्ह. मशाल आणि पुस्तक. पाहुणे येणार आहेत, फोटो निघतील."

मिनलनं तोंड उघडलं, पण जयवंताबाई आधी बोलली. मान वर न करता.

"मधात नाई जमत सर."

"जागा नाही का?"

"जागा आहे. मधातच नाई."

सरांना कळलं नाही. "मग सूर्य तरी दाखवा. आपली पृथ्वी कुठं आहे, पोरं विचारतील."

"सूर्य या शंखातल्या एका कणात आहे म्हने. मले दिसत नाई, मी काढत नाई." मग मान वर केली. "सर, मी जन्मभर सगळ्यायले मधात बसवलं. गणपतीले, सूर्याले, नवरा-नवरीच्या नावाले. हे एक राहू द्या. चिन्ह दाराबाहेर काढून देतो, मोठं, मशालीले जाळ पिवळा की केशरी ते सांगा."

सरांनी एकदा दाराबाहेरच्या जागेकडं पाहिलं. "केशरी," म्हणाले, आणि जाताना बूट घालायला दाराशी वाकले तेव्हा पुन्हा एकदा आत पाहिलं.

सहा वाजता सगळं झालं, दाराबाहेरची मशालसुद्धा. फक्त एक राहिलं. तिनं पिशवीतून हळदीकुंकवाची कोयरी काढली आणि हातात धरून बसली. इतके दिवस तिचं कशावर अडलं होतं, ते मला तेव्हा नीट कळलं. कुंकू लावल्याशिवाय तिची रांगोळी रांगोळी होत नाही. आणि लावायचं ते मध्यावर.

"उद्या पाहू," मी म्हटलं. तिला घ्यायला आलेले चंपतराव आणि मी, दोघांनी काखेत हात घालून तिला उठवलं.

अठ्ठावीसला पाहुणे अकराला. साडेनऊलाच तिनं माझं दार वाजवलं. डोळे सुजलेले, पण केस ओले, नवी कोरी साडी. चंपतराव स्कूटरवर; तिला मागं बसता येत नाही, म्हणून आम्ही पायी. हॉल उघडा होता, आत कोणी नव्हतं. खिडकीतून ऊन आलं होतं. आपण केलेलं असूनही मला जरा भीती वाटली, एवढं ते सगळीकडं होतं.

ती दाराशी खाली बसली. चिमटीत कुंकू घेतलं, जवळच्या कमळावर ठेवलं. डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं झालं. ती भिंतीलगतच्या मोकळ्या पट्टीवरून सरकत, हाताच्या जोरावर, दोन ठिपके पुढं गेली आणि एका शंखावर ठेवलं. मग एका पावलावर. चित्राला धक्का लागू नये म्हणून पदर कमरेला खोचला होता.

"किती ठिकाणी?" चंपतरावांनी विचारलं. या वेळी चेष्टा नव्हती.

"एकाच ठिकानी ठेवनार होती. पण इथं ठेवलं तेबी बरोबर, तिथं ठेवलं तेबी बरोबर. चुकतच नाई हो. मग थांबू कोठी?"

मिनल येऊन मागं उभी राहिली होती. बाहेर पोरांची रांग लागायला लागली, सरांचा आवाज आला, ओळीत उभे राहा, ढकलाढकल नको. मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पन्नास.

"जयवंताबाई, चला आता."

"उठव."

आम्ही तिला उठवलं. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पाहिलं. कोयरीच्या तळाशी कुंकू उरलं होतं. पलीकडच्या खिडकीखाली, आम्ही सगळ्यात शेवटी भरलेल्या राखाडी ठिपक्यांकडं ती पाहत होती.

"त्या कोपऱ्यात राह्यलं वं," ती म्हणाली.

"पाहुणे आले," मी म्हटलं.

तिनं माझा हात सोडला, भिंतीच्या कडेकडेनं तिथवर गेली, आणि पुन्हा खाली बसली.